मोटारीला माती चालत नाही

माणसाची खरी परीक्षा माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर होते. घाट चढून मोटार वर येते, झाडाखाली उभी राहते, आणि आतली मंडळी खाली उतरून विचारतात, "आता पुढं?" पुढं काही नाही. म्हणजे पुढं माथेरान आहे, पण मोटार नाही. ज्या गृहस्थाला कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायला स्कूटर लागते, त्याला ही बातमी तिथं कळते. मग त्याचा चेहरा दिवाळसणाला गेलेल्या आणि साधं पाणीही न विचारलेल्या जावयासारखा होतो.

अशा हताश क्षणी त्याच्यापुढं घोडा येतो. "साहेब, बसा ना. एकदम शांत जनावर आहे." जनावर शांतच असतं, घाबरलेले साहेब असतात. पण गेल्या काही वर्षांत घोड्याच्या शेजारी विजेवर चालणारी ई-रिक्षाही येऊन उभी राहिली, आणि तेव्हापासून आपल्यासारख्या घरबसल्या मंडळींचे दोन तट पडले. एक घोड्याचा, दुसरा मोटारीचा. आमच्या सोसायटीत तर गच्चीच्या गळतीवर झाला नसेल एवढा वाद या विषयावर झाला. दोन्ही पक्षांतल्या निम्म्या लोकांनी माथेरान पाहिलेलं नव्हतं, त्यामुळं वादाला चांगलीच धार होती.

मी कुठल्या बाजूचा ते आधीच सांगून टाकतो. मी वाटेच्या बाजूचा. तांबड्या मातीच्या वाटेच्या.

मुळात हा डोंगर पायी चालणाऱ्यांचा. १८५० साली मॅलेट नावाचे ठाण्याचे कलेक्टर चौक गावाकडून हा डोंगर चढून गेले. कलेक्टर असून चढून गेले! आज एखादा साहेब नुसत्या पाहणीला निघाला तरी पुढंमागं चार जीपगाड्या लागतात. पुढं पीरभॉय घराण्यानं नेरळहून रेल्वे वर नेली, ती १९०७ साली सुरू झाली. पण तीही कशी? दोन फुटी रुळांवरची, डोंगर वळेल तशी वळणारी. वीस-एकवीस किलोमीटरला दोन तासांहून अधिक वेळ घेणारी ही गाडी मला फार समजूतदार वाटते. पाहुण्यानं यजमानाच्या घरात कसं वागावं, हे तिला कळतं. आणि २००३ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं माथेरान आणि आसपासचा मुलूख पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. गावात रुग्णवाहिका आणि आगीचा बंब सोडून मोटारींना मनाई. एखाद्या गोष्टीबद्दल सरकार संवेदनशील झालं, की ती जपून ठेवण्यासारखी असते.

आता घोड्याचं गुणगान करायला मी बसलेलो नाही. घोडा म्हणजे काही उच्चैःश्रवा नव्हे. तो वाटेवर लीद टाकतो, उन्हाळ्यात धूळ उडवतो, आणि मागून दौडत आला की चालणाऱ्याला थेट करवंदीच्या जाळीत आसरा घ्यावा लागतो. शिवाय घोडा मुका असला तरी त्याच्याबरोबरचा माणूस मुका नसतो. एका महाशयांनी आम्हाला "सात पॉइंट" म्हणून बसवलं आणि तीन पॉइंट दाखवून उतरवलं. "बाकीचे चार?" असं सौभाग्यवतीनं विचारल्यावर ते म्हणाले, "मॅडम, ते इथूनच दिसतात." दिसत होतं ते फक्त धुकं. पर्यटकांची अशी फसवणूक होते म्हणून मार्च २०२५ मध्ये माथेरानकरांनीच गावात बंद पुकारला होता. तेव्हा घोड्याच्या बाजूनंही सगळं आलबेल आहे, असं घोडासुद्धा म्हणणार नाही.

आणि ई-रिक्षा ही काही राक्षसीण नव्हे. ती आली त्याला कारण होतं, आणि ते कारण ऐकताना विनोद सुचत नाही. माथेरानला हातरिक्षा होत्या. पुढून माणसानं ओढायची, मागून माणसांनी ढकलायची, आणि आत बसलेल्या माणसानं "हवा काय छान आहे!" म्हणायचं. या माणसांना उतारवयात दुसरा धंदा नाही आणि मोटारीला बंदी, म्हणून त्यांनी जनावराचं काम करायचं. शाळेतली पोरं दप्तरं पाठीला लावून दस्तुरीपासून पायपीट करायची ती वेगळीच. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग करायला परवानगी दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्टच सांगितलं, माणसानं माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करा. याला विरोध करणाऱ्यानं आधी दुपारच्या उन्हात एक हातरिक्षा ओढून दाखवावी. आत मी बसतो. माझं वजन मी सांगत नाही.

तेव्हा ओढणाऱ्यांच्या हाती ई-रिक्षाचं हँडल आलं हे उत्तमच झालं. म्हातारी माणसं, आजारी माणसं, शाळेतली पोरं यांनी तीत खुशाल बसावं. इथपर्यंत माझं भांडण नाही. भांडण इथून पुढं आहे.

त्याचं असं आहे, की मोटार एकटी कधी येत नाही. ती वरातीसारखी येते. घोडा येतो तो आपले चार पाय घेऊन. वाट असेल तशी चालतो. मोटारीला माती चालत नाही. तिला रस्ता लागतो. मग मातीवर ब्लॉक येतात. ब्लॉक आले की त्यावर पावसात शेवाळ धरतं, आणि लोखंडी नाल मारलेला घोडा तिथं घसरतो. घोडा घसरतो म्हणून लोक म्हणतात, घोडे धोकादायक, गाड्या वाढवा. गाड्या वाढल्या की रस्ता अरुंद वाटू लागतो. रस्ता रुंद करायचा तर कडेची झाडं आड येतात. झाडांना काही संघटना नसते. ती गेली की ऊन लागतं, ऊन लागलं की चालवत नाही, आणि चालवत नाही म्हणून पुन्हा गाडी! हे चक्र एकदा फिरू लागलं की कुठल्याही न्यायालयाच्या ब्रेकनं थांबत नाही.

न्यायालयानंही हे ओळखलेलं दिसतं. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्याला ब्लॉक चालतील, आतल्या वाटांना नाही, असं त्यांनी ठरवून दिलं. ही रेघ फार मोलाची आहे. पण आपल्याकडे रेघेचा अनुभव काय? "फक्त दोन मिनिटं" म्हणून लावलेली गाडी संध्याकाळपर्यंत हलत नाही. "तात्पुरती" म्हणून टाकलेली टपरी नातवाच्या नावावर होते. ही मुख्य रस्त्याची रेघ अशीच एक दिवस हळूच एको पॉइंटपर्यंत, मग लुईझापर्यंत, मग शार्लोट तलावापर्यंत सरकली, तर तिला कोण विचारणार आहे?

आमचे शेजारी विकासवादी आहेत. ते म्हणतात, "अहो, माती दर पावसात वाहून जाते. धूळ उडते. ब्लॉक नकोत तर काय गालिचे घालायचे?" त्यांचं अर्धं खरं आहे. माती वाहून जाते. पण अंगणातली माती वाहून जाते म्हणून आपण अंगण विकत नाही. पाण्याला वाट काढून देतो. वाटेत आडवे दगड बसवावेत, कडेला चर खणावेत, गेलेली माती पुन्हा भरावी. यात उद्घाटनाची फीत कापायला जागा नसते, एवढाच त्याचा दोष.

"पण लोकांची सोय बघायला नको?" हा त्यांचा हुकमी पत्ता. सोय! महाबळेश्वरला सोय आहे, लोणावळ्याला सोय आहे. तिथं सुट्टीच्या दिवशी माणूस आपल्या सोयीस्कर मोटारीत बसून पुढच्याच्या सोयीस्कर मोटारीचा नंबर तासभर पाठ करतो. मोटारीनं जाता येतील अशी ठिकाणं हवी असतील तर सबंध देश मोकळा आहे. मोटारीनं जाता येत नाही अशी किती उरली, ते मोजायला हाताची बोटंसुद्धा जास्त होतील. माथेरानला मंडळी नक्की काय बघायला जातात? दरी बाहेरही आहे, धुकं बाहेरही आहे, चिक्की तर ठाण्याच्या स्टेशनावरही मिळते. तिथं आहे ती एकच गोष्ट: मागून हॉर्न वाजत नाही. पोरं आईचा हात सोडून वाटेच्या मधोमध पळतात आणि आई ओरडत नाही. शहरातल्या पोराला रस्त्याच्या मधोमध पळायला मिळणं ही चैन आहे, हे पोराच्या आईलाच कळेल.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. ई-रिक्षांनी त्या एका रस्त्यावर राहावं, मोजक्याच असाव्यात, आणि ज्यांनी जन्मभर हातरिक्षा ओढली त्यांच्याच हातात असाव्यात. घोड्यांनी मातीच्या वाटांवर राहावं. त्यांना वेळेवर पाणी, वैद्य आणि विश्रांती मिळावी, आणि दराचा फलक नाक्यावर असा लावावा की चष्मा न लावता वाचता येईल. सात पॉइंट म्हटले तर सात दाखवावेत. आणि जो ब्लॉक आतल्या वाटेवर सापडेल, तो ज्यानं बसवला त्याच्याच डोक्यावर देऊन दस्तुरीपर्यंत परत पाठवावा. चालत.