टिटवीचा वाफा

पाऊस लागला की बालम काकडीच्या बिया टोचणार, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. धारच्या आत्याने त्या चिंधीत बांधून पाठवल्या होत्या. उगवल्या का, म्हणून काही वाचकांचे फोन आले. बिया अजून डब्यातच आहेत. आईच्या वाफ्यात टिटवी बसली आहे.

देवासच्या घरामागचं हे परस आई गेल्यापासून तीन वर्षं तसंच पडलं होतं. गाजरगवत कमरेएवढं वाढून वाळलेलं, वालाचा मांडव आडवा झालेला, काकडीच्या वाफ्यावर बांधकामातून उरलेली खडी पसरलेली. खुरपं घेऊन त्या खडीकडे निघाले, तर डोक्यावरून सप्पकन काहीतरी गेलं आणि वळून पुन्हा अंगावर आलं. पिवळे लांब पाय, डोळ्यांपुढे लाल मांसल कातडी, आणि आकांत तर असा, की वर माताजीच्या टेकडीवर ऐकू जावा. मी होते तिथेच खाली बसले. पायापासून वीतभरावर चार अंडी होती, मातकट, काळ्या डागांची, निमुळती टोकं आत वळवून मांडलेली. खडीत ती ओळखूच येत नव्हती. आणखी एक पाऊल पडलं असतं, हे अजून मनातून जात नाही.

टिटवी झाडावर घरटं करत नाही. उघड्या जमिनीत खळगा करते, भोवती खडे लावते. नर-मादी पाळीपाळीने बसतात आणि पिल्लं निघायला चारेक आठवडे लागतात. ऊन तापलं की अंडी गार ठेवायची म्हणून ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते. हे मी ऐकून होते. आता नळाखालच्या परातीत रोज दुपारी बघते.

राग आला तो शेजारच्या काकूंच्या बोलण्याचा. "अगं, रात्रीबेरात्री टिटवी ओरडते, घराला बरं नाही. अंडी उचलून पलीकडे टाक." काकूंनी मला कडेवर खेळवलं आहे, त्यांना उलट बोलवत नाही. पण त्या ओरडण्याला मी बॅटरी घेऊन दोनदा उठले आहे. एकदा तारेखालून मांजर आत शिरत होतं, दुसऱ्यांदा गल्लीतलं कुत्रं. पोरांवर पहारा करणाऱ्या आईच्या हाकेला आपण मरणाची वर्दी म्हणतो, हे मला सोसत नाही.

काकू बोलल्या त्याच सकाळी दूधवाले भैया कुंपणापाशी थांबले. "चार अंडे दिए हैं, दीदी? फिर तो चार महीने पानी गिरेगा!" इथल्या खेड्यांत टिटहरीच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज बांधतात. जितकी अंडी तितके महिने पाऊस. उंचावर घातली तर पाऊस जोराचा. टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते, तेव्हा तो हिशेब खरा धरता येणार नाही. तरी मला तो फार आवडतो. त्यात माणूस पक्ष्याकडे वाकून बघतो, अंडी मोजतो आणि हात न लावता उठतो.

धार काय, देवास काय, दोन्हीकडे पवारांचं राज्य होतं. त्या काळात नर्मदा ओलांडून आलेल्या मराठी घरांनी बोली आणली, पुरणपोळी आणली, कुळाचार आणले. टिटवीची भीतीही त्याच गाठोड्यातून आली असावी. पुरणपोळी आपण इथे रुजवली, दाल-बाफले आपलेसे केले. मग पक्ष्याकडे बघण्याची इथली रीत तेवढी का नाही घेतली? गायक कुमार गंधर्व 1948 साली क्षयाने आजारी होऊन या गावात राहायला आले आणि अंथरुणात पडल्या पडल्या माळव्याची लोकगीतं कान देऊन ऐकत राहिले. त्या ऐकण्यातून पुढे काय गाणं आलं, ते काकूंनाही ठाऊक आहे.

आत्याला फोन केला. वाटलं होतं, बियांवरून बोलेल. ती म्हणाली, "वाफ्याला हात लावू नकोस. कुंपणाकडेला चार आळी कर, वेल तारेवर चढेल. तुझी आई पण तिथेच लावायची एक."

आळी करून झाली. आज पहाटे पक्षी पाणी आणायला उठला, तेव्हा दुरून दुर्बीण लावली. एका अंड्याला केसाएवढी चीर गेली आहे. खुरपं पायरीवरच ठेवलं आहे आणि मागचं दार लोटून घेतलं आहे.