एकट्यासाठी एक ओटा

पक्षिशास्त्राच्या पुस्तकांत आपल्या सुरत जिल्ह्यातल्या मांडवीचं नाव बरीच वर्षं होतं, आणि ते एका चोरीमुळे होतं. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1914 साली तापीकाठच्या मांडवीत रानपिंगळा मिळवल्याचा दावा केला होता. पक्ष्याचं कातडं खरं होतं, नोंद खोटी होती. जेम्स डेव्हिडसन या खानदेशातल्या सनदी अधिकाऱ्याने 1880 च्या दशकात गोळा केलेला नमुना लंडनच्या संग्रहालयातून लंपास करून, नव्याने भरून, त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी 1999 मध्ये हे पुराव्यानिशी मांडलं. त्याआधीच, 25 नोव्हेंबर 1997 ला, रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला होता. 1884 च्या शेवटच्या खऱ्या नोंदीनंतर तब्बल 113 वर्षांनी! मांडवीची नोंद बाजूला सारून त्यांनी डेव्हिडसनच्या जुन्या, खऱ्या जागा धरल्या होत्या.

मला या गोष्टीत चोरापेक्षा डेव्हिडसन जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या काळी जिल्ह्याचे अधिकारी हिवाळाभर तंबू घेऊन दौऱ्यावर असत. तळोदा-शहाद्याच्या रानात मुक्काम पडे, रात्र तिथेच जाई, पहाट तिथेच उजाडे. रानपिंगळा दिवसाउजेडी वावरणारा आहे, पानगळ झालेल्या सागाच्या उघड्या फांदीवर बसतो, सकाळी मोठ्याने ओरडतो. पण सकाळी सहाला सुरतेहून निघून अकराला रानात पोचणाऱ्याला तो कसा भेटणार? पक्षी बघायचे तर रात्र रानातच काढावी लागते, आणि शक्यतो एकट्याने. सोबत चार माणसं असली की बोलणं होतं, बोलणं झालं की रान गप्प होतं.

मराठीला हे नवं नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यात मुक्काम करून पुस्तक लिहिलं. किरण पुरंदरे त्याच नागझिऱ्यात चारशे दिवस राहिले आणि त्यांनी ‘सखा नागझिरा’ लिहिलं. आपल्याकडे उणीव आहे ती साध्या माणसाला परवडेल अशा जागेची.

सुरतेला रानं लांब नाहीत. मांडवी तालुक्यात केवडी आहे, उमरपाडा तालुक्यात देवघाट. तापी जिल्ह्यात अंबिकेच्या काठी पदमडुंगरी. वघईजवळ किलाद. आणि डांगमध्ये पूर्णा नदीवरचं महाल, जे 160.84 चौरस किलोमीटरच्या पूर्णा अभयारण्याच्या ऐन पोटात आहे. या सगळ्या ठिकाणी गुजरात वनखात्याची मुक्कामाची केंद्रं आहेत, चालवायला गावातली माणसं आहेत. नागलीची भाकरी, उडदाची डाळ, बांबूच्या कोंबाचं लोणचं मिळतं. डांगमधल्या कोकणा लोकांची बोली आपल्या अहिराणीला इतकी जवळची आहे की उधना-लिंबायतमधला खानदेशी माणूस तिथे परका राहतच नाही. ज्या रानपिंगळ्यासाठी मांडवीचं खोटं नाव घेतलं गेलं, तो पुढे मेळघाटात, यावलमध्ये, तानशात आणि खुद्द पूर्णा अभयारण्यात खरोखर सापडला. म्हणजे जगात फक्त भारतात असलेला, 2018 पासून ‘संकटग्रस्त’ यादीत असलेला हा पक्षी सुरतकरापासून काही तासांवर आहे.

मग अडतं कुठे? खोलीपाशी. ही केंद्रं कुटुंबांसाठी आणि सहलींसाठी बांधलेली आहेत. भाडं खोलीचं असतं किंवा तंबूचं, माणसाचं नसतं. दोघातिघांनी वाटून घेतलं तर ते सोसतं, एकट्यावर सगळं पडतं. त्यात शनिवार-रविवारी शाळांच्या सहली, कंपन्यांचे गट, स्पीकरवरची गाणी. बारा तासांच्या पाळीत यंत्रमागाच्या खडखडाटात काम करणारा पोरगा सुटीच्या दिवशी रानात शांतता शोधायला जातो आणि त्याला तिथेही ढणढणाटच मिळतो. मला याचा राग येतो. वनखात्याच्या आवारात रात्री स्पीकर लावायची परवानगी कोणालाच असू नये, इतकं साधं आहे हे.

अमेरिकेत या बाबतीत एक शहाणपण आहे. तिथे निवृत्त शिक्षिका, परिचारिका छोट्या गाडीमागे एक ट्रेलर जोडून एकट्या निघतात आणि सरकारी जंगलांतल्या स्वस्त तळांवर राहून पक्षी बघतात. तळावर भाडं असतं ते जागेचं: एक सपाट तुकडा, एक बाकडं, चुलीचं कडं, जवळपास पाणी आणि संडास. बाकी सगळं ज्याचं त्याने आणायचं. राष्ट्रीय जंगलांत तर तळाबाहेरही बऱ्याच जागी साधारण 14 दिवस फुकट राहता येतं. शिवाय बऱ्याच तळांवर एखादा यजमान असतो. तो स्वतःच्या ट्रेलरमध्ये हंगामभर राहतो, त्याला जागा फुकट मिळते, बदल्यात तो येणाऱ्यांना मदत करतो, तळ नीट ठेवतो.

आपल्याकडे ट्रेलर ओढत घाटात जाणं अवघड, डांगच्या वळणांवर तर नकोच. महाराष्ट्राने आणि केरळने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणं आणली, त्यांचं मी स्वागतच करतो, पण त्या सजवलेल्या गाड्या भाड्याने घेणारा प्रवासी वेगळा. आपला खरा ट्रेलर म्हणजे मागची सीट काढून गादी टाकलेली ईको. नाहीतर मोटरसायकलला बांधलेला तंबू. तेही नसेल तर एसटीने वघई किंवा व्यारा आणि पाठीवर पिशवी. गायकवाडांच्या काळात टाकलेली बिलिमोरा-वघई ही 63 किलोमीटरची नॅरोगेज आहेच. उधन्याहून नंदुरबारकडे जाणारी गाडीही व्यारा, सोनगड करत नवापूरला पोचते, जिथलं स्टेशनच अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे.

कोणी म्हणेल, मग तंबू टाका की कुठेही. तसं चालत नाही, आणि चालू नये. अभयारण्यात परवानगीशिवाय राहणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. राखीव जंगलातही वनखात्याच्या संमतीशिवाय मुक्काम होत नाही. या भागात बिबटे आहेत, चूल पेटवली तर वणव्याची भीती आहे, आणि रान म्हणजे गावकऱ्यांचं रोजचं अंगण आहे, तिथे रात्री अनोळखी माणूस फिरणं त्यांनाही नको असतं. पण मग कायद्याने दुसरी सगळी दारं बंद केली असतील, तर उरलेलं एकच दार, म्हणजे वनखात्याचं केंद्र, गरिबालाही उघडता आलं पाहिजे. माझा सगळा आग्रह एवढ्यापुरता आहे.

दर केंद्रात कुंपणाच्या आत चार-सहा ओटे बांधायचे. मुरूम टाकलेले, पावसाचं पाणी निघून जाईल असे. बाजूला ईको उभी राहील इतकी जागा. नळ, संडास, रात्री पहारेकऱ्याचा कंदील. भाडं माणशी, एका वेळच्या जेवणाइतकं. ओट्याला खोलीसारखा खर्च नाही, डागडुजी नाही, चादरी धुवायच्या नाहीत. जेवण गावातल्या बायकांच्या स्वयंपाकघरातून विकत घ्यायचं, म्हणजे पैसा गावातच राहील.

एकट्या बाईचा प्रश्न यात सगळ्यात मोठा आहे. एकटी बाई मुक्कामाला आली की पहिला प्रश्न ‘सोबत कोण?’ हाच येतो. कुंपणाच्या आतला ओटा, पहारेकरी आणि तिथे राबणाऱ्या गावातल्या बायका, एवढ्यावर ती निर्धास्त झोपू शकते. दिवाळीनंतर सागाची पानं झडू लागतात, तेव्हापासून मार्चपर्यंतच्या पहाटा तिच्याही आहेत. संधिप्रकाशात रातव्याची ठकठक, मग तांबट, मग राखी धनेशांचं चिरकणं, भृंगराजाची लांब शेपटी. जूनच्या तोंडावर नवरंग येतो, आणि पावसात ओढ्याकाठी शीळकरी कस्तुराची माणसासारखी शीळ. हे सगळं ऐकायला-बघायला फार पैसे लागू नयेत.

बदल्यात त्या ओट्यावर झोपणाऱ्याकडून काहीतरी मागावंच. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावायचं नाही, विशेषतः पिंगळ्यांना. वीण चालू असताना तो छळ असतो. सकाळी एका जागी बसून पंधरा मिनिटांची यादी करायची आणि ती ई-बर्ड या संकेतस्थळावर टाकायची. फेब्रुवारीत देशभर होणाऱ्या पक्षीगणनेत हीच पद्धत चालते. ज्याला महिनाभर राहायचं असेल, त्याला यजमान करून ओटा फुकट द्यावा, त्याने रोज यादी लिहावी, आलेल्या शाळकरी पोरांना दुर्बीण हातात द्यावी. सुरतेत हे करू शकणारी माणसं आहेत. गवियर तलाव नेचर क्लब सुरतने कसा राखला ते बघा.

सुरुवात दोन ठिकाणी झाली तरी पुरे: रानपिंगळ्यासाठी महाल, आणि ज्याच्या नावावर एवढी वर्षं खोटं लिहिलं गेलं त्या मांडवी तालुक्यातलं केवडी. पावसाळा संपताच मुरूम टाकता येतो. ऑक्टोबरात ओटे तयार झाले तर याच हिवाळ्यात पहिले मुक्कामी येतील.