फ्रेमला कटर लावू नका!

"काप की फ्रेम मागून, दोन तासांचं काम!" रूम पार्टनरचा हा सल्ला मी ऐकला नाही, म्हणून सध्या मेसमध्ये माझी टिंगल चालू आहे. गाडी काकांची, येझदी रोडकिंग. अकरा वर्षं गोठ्यात गोणपाटाखाली पडून. पिस्टन जाम, टाकीत गंज. (सीट उंदरांनी खाल्ली ते वेगळंच.)

कॅफे रेसर मलाही करायचीय. पण १९६० च्या दशकात लंडनच्या एस कॅफेवर जमणारी पोरं हँडल खाली आणि फूटरेस्ट मागे घ्यायची ती वेगासाठी, ताशी १०० मैल गाठायला. आपल्याला फोटो काढायचा असतो! त्यात येझदीत किक आणि गिअरचा दांडा एकच. फूटरेस्ट मागे नेले की पाय गिअरला पोचत नाही; लिंकेज जोडावं तर किक मारताना तेच आड येतं. हे कागदावर सोडवायच्या आधीच आपण कटर उचलतो. इंजिनिअर ना आपण? शिवाय उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय. आणि म्हैसूरच्या कारखान्याला १९९६ सालीच टाळं लागलं, कापलेली फ्रेम बदलून कोण देणार?

म्हणून हँडल, मडगार्ड, जे काही बदलेन ते बोल्टवर. वेल्डिंग एकही नाही.

सिंगल सीटचं मात्र अडलंय. काकांनी माझं ड्रॉइंग बराच वेळ पाहिलं. गुडघ्यामुळे त्यांना आता किक मारता येत नाही. म्हणाले, "झकास आहे रे. पण मी बसायचं कुठं?"