घाटात पकड, खड्ड्यात फुगा : सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर परफॉर्मन्स टायर परवडतात का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ज्या टायरची करापूर्वीची किंमत ७,००० रुपये आहे, तो आधी ८,९६० ला पडायचा, आता ८,२६० ला पडतो. म्हणजे एका टायरमागे ७०० आणि चार टायरचा सेट घेतला तर २,८०० रुपये वाचतात. हे वाचलेले पैसे जातात कुठे, हे साताऱ्याच्या किंवा मिरजेच्या कुठल्याही टायरच्या दुकानात अर्धा तास बसलं की कळतं. "बदलायचेच आहेत तर मग जरा चांगले टाकू", आणि चांगले म्हणजे बहुतेकांच्या डोक्यात रुंद, चपटे, स्पोर्टी दिसणारे. सोबत एक साइज मोठं अलॉय.

मित्रमंडळींत आणि गावाकडच्या ग्रुपवर हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. उत्तर फक्त हो किंवा नाही असं नाही, कारण यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या जातात : चांगलं रबर आणि कमी उंचीची साइडवॉल. आपल्या रस्त्यांवर पहिली गोष्ट जीव वाचवू शकते. दुसरी बहुतेक वेळा खिसा रिकामा करते.

परफॉर्मन्स टायर म्हणजे नेमकं काय?

टायर बनवणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात : ओल्या रस्त्यावर पकड, जास्त आयुष्य आणि कमी रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे चांगलं मायलेज. अडचण अशी, की एक कोपरा ओढला की बाकीचे दोन आत येतात. मऊ रबर रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात शिरतं, पकड देतं, पण लवकर झिजतं आणि इंधन जास्त खातं. कडक रबर ६०-७० हजार किलोमीटरपर्यंतही चालतं, पण पहिल्या पावसात ब्रेक मारला की घसरतं. सिलिका मिसळलेल्या रबरामुळे ही ओढाताण बरीच कमी झाली. संपली मात्र नाही.

परफॉर्मन्स टायर हा पकडीच्या बाजूला झुकवलेला असतो. शिवाय त्याचा सांगाडा जास्त वेगासाठी बांधलेला असतो आणि साइडवॉल ताठ असते, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच वळते. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४ हे याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. त्याच कंपनीचा प्रायमसी हा टूरिंग गटातला, म्हणजे आराम आणि आयुष्य यांच्याकडे झुकलेला. एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये एवढा फरक असू शकतो. त्यामुळे "कुठली कंपनी चांगली?" यापेक्षा "कुठल्या कामाचा टायर?" हा प्रश्न आधी विचारायला हवा.

टायरवरचे आकडेही समजून घ्या. १९५/५५ आर १६ ८७ व्ही असं लिहिलं असेल तर रुंदी १९५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची, ८७ म्हणजे एका टायरची भार उचलण्याची क्षमता ५४५ किलो आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. आपल्याकडे चौपदरी महामार्गावर कारला जास्तीत जास्त मर्यादा १०० ची आहे. तेव्हा "व्ही रेटिंग आहे" एवढ्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. भाराचा आकडा मात्र कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी कधीच चालणार नाही. पाच माणसं आणि डिकी भरून सामान घेऊन गावाकडे जाणाऱ्यांसाठी तो वेगाच्या अक्षरापेक्षा महत्त्वाचा आहे.

दोन जिल्ह्यांत चार प्रकारचे रस्ते

सातारा-सांगलीची गंमत म्हणजे टायरची परीक्षा घ्यायला लागणारं सगळं इथे दोन-तीन तासांच्या अंतरात आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सांगलीतही तेच. शिराळ्याकडे धो धो, जत-आटपाडीकडे कोरडं.

पहिला प्रकार म्हणजे ओले घाट : पसरणी, यवतेश्वर, कुंभार्ली. दुसरा महामार्ग, ज्यावर खंबाटकी आहे. साताऱ्याहून पुण्याला जाताना जुन्या बोगद्यातून बाहेर पडल्यावरचं ते एस आकाराचं वळण अपघातांसाठी इतकं कुप्रसिद्ध आहे, की नव्या जुळ्या बोगद्यांच्या कामामागचं एक मोठं कारण तेच आहे. तिसरा प्रकार कामं चालू असलेल्या रस्त्यांचा. सातारा-कागल सहापदरीकरण, कराडजवळ मलकापूरचा उड्डाणपूल, त्यामुळे आलेली वळणं, खडी, डांबराच्या उंच-सखल कडा. पेठ-सांगली रस्त्याने तर वर्षानुवर्षं किती रिम वाकवले असतील, ते तिथल्या टायरवाल्यांनाच माहीत. चौथा प्रकार उसाच्या पट्ट्यातला. हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांना लागून शेतातली काळी माती डांबरावर येते, वर पाचट आणि ट्रॉलीतून पडलेला ऊस.

या चारही ठिकाणी परफॉर्मन्स टायरचा अनुभव वेगवेगळा येतो. म्हणून एकजण म्हणतो "पैसा वसूल" आणि दुसरा म्हणतो "परत घेणार नाही". बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात.

ओला घाट : इथे फरक खरा आहे

साधं गणित करू. ताशी ८० च्या वेगात ब्रेक मारला. ओल्या रस्त्यावर एका टायरचा घर्षण गुणांक ०.६ आणि दुसऱ्याचा ०.७ धरला, तर पहिली गाडी सुमारे ४२ मीटरवर थांबते आणि दुसरी ३६ मीटरवर. फरक सहा मीटर, म्हणजे जेमतेम दीड कारची लांबी. पण दुसरी गाडी जिथे थांबली, त्या जागी पहिली गाडी अजून ताशी ३० च्या वेगात असते. समोर बंद पडलेला ट्रक असेल, तर एकजण हुश्श करतो आणि दुसऱ्याचं बॉनेट आत जातं.

साधे टायर काढून चांगले टायर टाकलेले बहुतेक जण पहिल्यांदा हेच सांगतात. वळणात गाडी "रेघेवर" राहते, ओल्या उतारावर एबीएस उशिरा लागतं. ओळखीतले एक काका दर आठवड्याला वाई-पाचगणी करतात. त्यांनी गाडीची साइज अजिबात बदलली नाही, फक्त त्याच साइजमध्ये वरच्या दर्जाचे टायर टाकले. "वेग वाढवला नाही, फक्त पायातली भीती कमी झाली," हे त्यांचं म्हणणं.

मात्र एक अट आहे. ही पकड खाचा शिल्लक असेपर्यंतच असते. पाणी बाहेर फेकायचं काम खाचा करतात. कारच्या टायरला कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खाच लागते, आणि खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे तेवढंच दाखवतात. पण साचलेल्या पाण्यात टायर तरंगण्याचा धोका त्याच्या आधीच वाढायला लागतो. मऊ रबराचा महागडा टायर लवकर झिजतो. दोन पावसाळे झाल्यावर त्याची अवस्था नव्या साध्या टायरपेक्षा वाईट असू शकते.

हवेचाही संबंध आहे. १९६० च्या दशकात नासाने विमानांच्या चाकांवर अभ्यास करून एक ढोबळ सूत्र मांडलं : टायरमधली हवा जितकी कमी, तितक्या कमी वेगात तो पाण्यावर तरंगतो. त्या सूत्राने ३३ पीएसआयला हा वेग ताशी ९५ च्या आसपास येतो आणि २० पीएसआयला ७५ च्या. कारला ते जसंच्या तसं लागू होत नाही, पण दिशा तीच आहे. दहा हजारांचा टायर आणि महिनोन्महिने न तपासलेली हवा, यात टायरच्या पैशाला अर्थ उरत नाही.

उसाची माती : इथे कुणाचंच चालत नाही

ओल्या काळ्या मातीचा थर डांबरावर असला, की रबर डांबराला टेकतच नाही. परफॉर्मन्स टायरच्या खाचा पाण्यासाठी असतात. चिखल त्यात भरून बसतो आणि टायर गुळगुळीत होतो. इथे महागडा टायर उलट जास्त घसरू शकतो, कारण रुंद टायरखाली वजन जास्त जागेवर पसरतं. कारखाने चालू असताना इस्लामपूर-आष्टा पट्ट्यात रात्री गाडी चालवायची, तर उपाय एकच : वेग कमी आणि ट्रॉलीपासून अंतर जास्त.

खड्डे : इथे हिशोब उलटतो

आता मोठ्या अलॉयचं गणित बघा. स्विफ्टसारख्या गाडीला येणारा १८५/६५ आर १५ टायर घ्या. त्याची साइडवॉल १२० मिलिमीटर. १९५/५५ आर १६ वर गेलात तर १०७. २०५/४५ आर १७ वर गेलात तर ९२. चाकाचा एकूण व्यास तिन्हीत जवळपास सारखा, ६२० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे चाक मोठं झालंच नाही. रबर आणि हवा यांच्या जागी धातू आला.

साइडवॉलमधली ती हवा हा गाडीचा पहिला सस्पेन्शन आहे. खड्ड्याची कडा आली की साइडवॉल दबते. तिची उंची २८ मिलिमीटरने कमी झाली, तर तोच खड्डा रिमपर्यंत पोचतो. रिम आणि खड्ड्याची कडा यांच्यात साइडवॉल चिमटली, की आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तो फेकायचा. असे टायर स्टेपनीला ठेवून पुण्यापर्यंत जाणारे लोक मी पाहिलेत. हे करू नका, महामार्गाच्या वेगात तो कधीही फुटू शकतो.

वर इन्शुरन्सची गोष्ट. नेहमीच्या कार पॉलिसीत फक्त टायर खराब झाला तर काही मिळत नाही. त्याच घटनेत गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत भरपाई मिळते. चपटे टायर टाकायचेच असतील, तर वेगळं टायर कव्हर घ्यावं लागतं, आणि त्यात फुगा धरलाय का ते वाचावं लागतं. साइजही शक्यतो त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला कंपनी जी देते तीच ठेवा. म्हणजे क्लेमच्या वेळी वाद होत नाही.

झिजेचाही हिशोब करा. समजा, ६,००० चा साधा टायर ५० हजार किलोमीटर चालतो आणि ९,००० चा मऊ टायर ३० हजार. चार टायर मिळून पहिल्याचा खर्च किलोमीटरला ४८ पैसे आणि दुसऱ्याचा १ रुपया २० पैसे. वर्षाला १२ हजार किलोमीटर फिरत असाल, तर फरक ८,६४० रुपयांचा. जीएसटीतून वाचलेले २,८०० चार-पाच महिन्यांतच फिटतात. आकडे तुमच्या गाडीचे टाकून बघा, पद्धत हीच ठेवा.

मग ग्राहकाने ठरवायचं कसं?

खरी अडचण इथे आहे. भारतात ऑक्टोबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने एआयएस-१४२ हे मानक लागू झालं. त्यात ओल्या रस्त्यावरची पकड, रोलिंग रेझिस्टन्स आणि आवाज या तिन्हींची किमान पातळी ठरली. ही चांगली गोष्ट झाली. पण किमान पातळी म्हणजे पास-नापास. कुणाला ३६ मार्क मिळाले आणि कुणाला ९०, हे ग्राहकाला दिसत नाही. युरोपात टायरवर ए ते ई अशी श्रेणी छापावी लागते, ओल्या पकडीची वेगळी. आपल्याकडे बीईईचं स्टार लेबल आहे, पण ते ऐच्छिक आहे. फ्रीज घेताना आपण तारे मोजतो, आणि घाटात ज्याच्यावर जीव टाकतो तो टायर दुकानदार म्हणेल म्हणून घेतो.

त्यात जून २०२० मध्ये केंद्राने टायरच्या आयातीवर निर्बंध आणले, परवाना सक्तीचा झाला. त्यामुळे आयात होणाऱ्या परफॉर्मन्स टायरची निवड आटली. देशी उत्पादनाला त्याचा फायदा झाला, पण सांगलीतल्या ग्राहकाला हवी ती साइज मिळेपर्यंत थांबावं लागतं किंवा जे आहे ते घ्यावं लागतं. पडून राहिलेला टायर गळ्यात पडण्याची शक्यता अशा वेळी जास्त. साइडवॉलवर डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे बघा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. वर्षभरापेक्षा जुना असेल तर दुसरा मागा. लाजू नका.

माझं मत

मूळ साइज ठेवा, दर्जा वाढवा. साइडवॉल कमी करू नका. पसरणी-यवतेश्वरला नेहमी जाणं असेल, तर ओल्या पकडीसाठी नावाजलेला टूरिंग टायर पुरेसा आहे आणि खड्ड्यातही तो टिकतो. खरा परफॉर्मन्स टायर त्याच्यासाठी, ज्याची गाडी ताकदवान आहे, कंपनीनेच तशी साइज दिली आहे आणि जो दोन-तीन वर्षांत नवा सेट घ्यायला तयार आहे. फक्त दिसण्यासाठी १७ इंची अलॉय टाकणाऱ्याला पेठ नाक्याच्या अलीकडेच पश्चात्ताप होऊ शकतो.

फक्त दोनच चांगले टायर परवडत असतील, तर ते मागे टाका, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी करून सावरता येते. मागचं घसरलं तर घाटात गाडी फिरते, आणि ते सावरणं आपल्यापैकी फार थोड्यांना जमतं.

आणि हे लेबलचं काम सरकारने सक्तीचं करायला हवं. कर कमी करून टायर स्वस्त केला, हे बरं झालं. पण स्वस्त झालेला कुठला टायर पावसात थांबतो, हे कळल्याशिवाय ग्राहक रंग, रुंदी आणि चमकच विकत घेत राहणार.