मराठी मंत्री, मसुदा हिंदी-इंग्रजी

परवा वर्सोव्याहून फेरीबोटीने मढला गेलो होतो. कोळीवाड्यात बांबूंवर बोंबील वाळत होते आणि मला आठवले प्रकाश जावडेकर. हसू नका, सांगतो.

पुण्याचा माणूस, बँकेची नोकरी सोडून राजकारणात आलेला, २०१४ला देशाचा पर्यावरणमंत्री. २२ एप्रिल २०१६ला न्यूयॉर्कमध्ये पॅरिस करारावर भारताची सही यांचीच. तेव्हा कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? मग शिक्षणखातं, आणि २०१९ला पुन्हा पर्यावरण.

मार्च २०२०मध्ये त्यांच्या खात्याने पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या नियमांचा मसुदा काढला. परवानगीशिवाय सुरू केलेलं काम मागाहून नियमित करून घ्यायची सोय त्यात होती. जनसुनावणीआधी लोकांना मिळणारे ३० दिवस २० वर आणलेले. हरकती मागवल्या ऐन लॉकडाऊनमध्ये, आणि मसुदा फक्त इंग्रजी-हिंदीत!

३० जूनला दिल्ली उच्च न्यायालय म्हणालं, आठव्या अनुसूचीतल्या २२ही भाषांत भाषांतर करा. तर सरकार सर्वोच्च न्यायालयात! कायद्याने दोनच भाषा लागतात म्हणे. अहो, आम्ही साधं बिलिंगचं सॉफ्टवेअरसुद्धा गिऱ्हाइकाच्या भाषेत देतो. वाहिन्यांवर अस्खलित मराठी बोलणाऱ्या मंत्र्याला, ज्याच्या दारात भराव पडायचा त्या मढच्या कोळ्याने हरकत कुठल्या भाषेत वाचून घ्यायची, हा प्रश्न पडू नये?

मी बोटीवरच्या एका काकांना ती मागाहून परवानगीची भानगड मराठीत सांगितली. "म्हणजे आधी भरणी, मग विचारणी?" ते म्हणाले. दोन मिनिटं लागली.

तो मसुदा अंतिम झालाच नाही. जुलै २०२१मध्ये जावडेकरांचं मंत्रिपदही गेलं.