आधी हात, मग आरजीबी

मित्राच्या टेबलावर नवा मेकॅनिकल कीबोर्ड दिसला की पहिला प्रश्न ठरलेला, 'लाइट्स आहेत ना?' माउस दिसला की दुसरा, 'डीपीआय किती?' माझं मत विचाराल तर दोन्ही प्रश्नांनी फक्त दुकानदाराचा फायदा होतो. विचारायचं असेल तर एवढंच विचारा, 'हे माझ्या हाताला जमणार का? आणि बिघडलं तर मला दुरुस्त करता येणार का?'

आधी कीबोर्ड. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कीखाली स्वतंत्र स्विच असतो. लाल म्हणजे लिनियर, सरळ खाली जाणारा. तपकिरी म्हणजे टॅक्टाइल, मध्ये बोटाला हलकासा अडथळा जाणवतो. निळा म्हणजे क्लिकी, दर दाबाला टिकटिक. जर्मनीतल्या चेरी कंपनीच्या स्विचमुळे ही रंगांची भाषा रुळली आणि आता गेटरॉन, आउटेमूसारख्या चिनी कंपन्याही साधारण तीच वापरतात. चेरीच्या लाल स्विचला साधारण ४५ ग्रॅमचा जोर लागतो. की ४ मिलिमीटर खाली जाते, पण २ मिलिमीटरलाच तिची नोंद होते. म्हणजे की ठोकून ठोकून बडवायची गरजच नसते. निळ्या स्विचबद्दल एकच सांगतो, रूममेटची सकाळी परीक्षा असेल तर रात्री दोन वाजता तुमची मैत्री तुटू शकते!

म्हणून पहिलाच कीबोर्ड घेताना 'हॉट-स्वॅप' आहे का, हे बघा. यात स्विच चिमट्यासारख्या पुलरनं उपटून दुसरा बसवता येतो, सोल्डरिंग लागत नाही. एखादी की मेली तर एक स्विच बदला, काम झालं. फक्त बोर्ड तीन पिनांचा की पाच पिनांचा, तेवढं आधी तपासा. कीकॅप पीबीटीच्या घ्या. एबीएस प्लास्टिक काही महिन्यांत तेलकट चकाकायला लागतं. आणि तो यूट्यूबवरचा 'थॉक' आवाज हवाच असेल, तर महागडी केस घेण्याआधी स्पेसबारखालच्या स्टॅबिलायझरला थोडं ग्रीस लावून बघा. खडखड बरीचशी तिथूनच येत असते.

आता माउस. खोक्यावर २५-२६ हजार डीपीआय छापलेलं असतं. काउंटर-स्ट्राइकचे कितीतरी व्यावसायिक खेळाडू मात्र ४०० किंवा ८०० वर खेळतात. पोलिंग रेटचंही तसंच. १००० हर्ट्झचा माउस दर १ मिलिसेकंदाला कॉम्प्युटरला आपली जागा कळवतो, ८००० हर्ट्झचा ०.१२५ मिलिसेकंदाला. ऐकायला भारी वाटतं. पण तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर पडद्यावर नवं चित्रच मुळी साधारण १७ मिलिसेकंदांनी येतं. मग जास्तीचे हजारो रुपये कशासाठी?

त्यापेक्षा पकड बघा. अख्खा तळवा माउसवर टेकतो का, बोटं पंजासारखी वाकतात का, की फक्त बोटांच्या टोकांनी धरता? यावरून आकार ठरतो. वजन त्यानंतर. ६० ग्रॅमच्या आसपासचा आणि १०० ग्रॅमच्या वरचा माउस अर्ध्या तासात मनगटाला आपापली ओळख करून देतात. शक्य असेल तर लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत जाऊन माउस प्रत्यक्ष हातात धरून बघा आणि मगच ऑनलाइनचा भाव काढा. रिव्ह्यू करणाऱ्याचा हात तुमच्याएवढा असेलच असं नाही.

'शौक आहे यार, हिशेब कसला?' हे मान्य. एका कीकॅपवर दोन हजार घालणाऱ्याला मी हसणार नाही, पैसे त्याचे आहेत. पण घरच्यांकडून मागून किंवा ईएमआयवर घेणार असाल, तर फक्त दिसण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा हप्ता तिची हौस फिटल्यावरही चालूच राहतो.

आणखी एक गोष्ट खटकते. जपानी अक्षरांच्या कीकॅप आपण हौसेनं लावतो आणि त्याच कीबोर्डवर मराठी लिहायची वेळ आली की इंग्रजी स्पेलिंगचा टेकू घेतो. इन्स्क्रिप्ट लेआउट विंडोजमध्ये फुकट आहे. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. 'क'च्याच कीवर शिफ्ट दाबला की 'ख', 'ग'च्या कीवर 'घ'. इतकी सुटसुटीत रचना आहे. कस्टमायझेशनचा एवढा नाद आहे, तर रोज पंधरा मिनिटं याच्यावर घालवून बघा की. याला पैसेही पडत नाहीत आणि त्यासाठी कुठलं पार्सल यायची वाट बघावी लागत नाही.