उकिरड्याचे दैव

बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव उघडते, अशी आपल्याकडे म्हण आहे. गोवंडीच्या पूर्वेस पसरलेल्या देवनारच्या उकिरड्यास मात्र आठ तपांहून अधिक काळ वाट पाहावी लागली. १९२७ साली मुंबई नगरपालिकेने तेथे कचरा टाकण्यास आरंभ केला. २०१६ च्या जानेवारीत तो पेटला आणि त्याचा धूर साऱ्या शहरावर पसरला, तेव्हा कोठे दूरच्या उपनगरांतील मंडळींस त्याचे अस्तित्व उमगले. पुढे २०२४ साली राज्य शासनाने त्या जागेपैकी सुमारे १२४ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनाकरिता देण्याचे ठरविले, आणि २०२५ साली महानगरपालिकेने तेथील १८५ लक्ष टन जुना कचरा उपसण्यासाठी निविदा मागविल्या. म्हणजे उकिरड्याचे दैव उघडले खरे. परंतु त्याच्या कडेने ज्यांनी आयुष्ये काढली त्या माणसांचे काय उघडले, हा प्रश्न कोणाच्याही कागदावर आढळत नाही.

जमिनीची मोजणी आणि किंमत ठरत असताना या प्रदेशाच्या स्मृतीचीही काही व्यवस्था व्हावी, असे आमचे म्हणणे आहे. गोवंडी, देवनार, मानखुर्द, तुर्भे या भागांचा इतिहास सांगणारे एक लहानसे संग्रहालय, त्यास जोडून जुन्या पद्धतीने पिकविलेले एक शेत, आणि या दोन्ही ठिकाणी तेथील रहिवाशांकरिता बारा महिने चालणारे विनामूल्य कार्यक्रम, एवढीच आमची मागणी आहे. ती ऐकताच आमच्या सुशिक्षित मित्रमंडळींच्या चेहऱ्यावर जे मंद हास्य उमटते, त्याच्या पोटात तीन आक्षेप दडलेले असतात. गोवंडीस इतिहास कसला, हा पहिला. पाण्याआधी संग्रहालय कशाला, हा दुसरा. आणि फुकट दिलेल्या गोष्टीची किंमत राहत नाही, हा तिसरा.

पहिल्या आक्षेपापासून प्रारंभ करू. ज्या गावास इतिहास नाही असे आपण म्हणतो, त्याच्या रस्त्यांची नावे तरी एकदा वाचावीत. देवनार फार्म रोड या नावात शेत आहे, पण त्या रस्त्यावर ते शोधून सापडत नाही. बैंगनवाडीच्या नावात वांगी आहेत. तेथे आज पावलागणिक माणूस आहे आणि वाफा एकही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कुर्ल्याहून चेंबूरकडे जो लोहमार्ग टाकला गेला, त्यावरून प्रथम शहराचा कचरा वाहिला गेला. उतारूंच्या गाड्या १९२४ साली सुरू झाल्या. ज्या मार्गाने आज लक्षावधी माणसे पोटासाठी दक्षिणेकडे धावतात, त्याच मार्गाने आधी दक्षिणेचा केर इकडे येत होता! १९२८ साली तुर्भ्यापासून अंधेरीपर्यंत एक छोटी रेल्वे निघाली आणि १९३४ साली ती बंदही पडली. १९७६ च्या मे महिन्यात मानखुर्दनजीकची जनता कॉलनी उठविण्यात आली आणि हजारो कुटुंबे तुर्भ्याच्या चित्ता कॅम्पात नेऊन बसविण्यात आली. याला इतिहास म्हणावयाचे नाही, तर इतिहास म्हणावयाचे तरी कशास?

यावर कोणी म्हणेल की, या इतिहासाची साधने कोठे आहेत? राजवाड्यांचे चरित्र ज्यांस ठाऊक आहे त्यांनी हा प्रश्न विचारू नये. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, त्यापूर्वी ती साधने कोणत्या दालनात मांडून ठेविलेली होती? ती माळ्यांवर, पोत्यांत, वाळवीच्या मुखी होती. राजवाडे गावोगाव हिंडले आणि ज्यांस घरधनी रद्दी समजत होता त्या कागदांस त्यांनी साधनांची पदवी दिली. गोवंडीच्या झोपडीतही असे दप्तर असते. पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, १९७६ च्या झोपडपट्टी गणनेनंतर मिळालेला फोटोपास, जुनी शिधापत्रिका, घर पाडण्याची नोटीस आणि पहिल्या मुलाच्या शाळेचा दाखला एकत्र ठेविलेला असतो. वतनदाराने सनद जपली नसेल इतक्या काळजीने हे कागद जपलेले असतात. कारण सनद हरवली तर मान जाई, आणि हा कागद हरवला तर घर जाते. असे शंभर फोटोपास एका भिंतीवर लावून पाहा, आणि मग सांगा की विसाव्या शतकातील मुंबई कोणी वसविली हे समजण्यास याहून चांगले साधन कोणते.

वस्तूंची गोष्टही अशीच आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, स्वयंपाकघरातील भांडी गोळा केली आणि आपल्या दिवंगत पुत्राच्या नावाने त्यांचे संग्रहालय उभारले. राजेरजवाड्यांच्या तलवारींइतकाच सामान्य गृहिणीचा अडकित्ताही जपण्यास योग्य आहे, हे त्या गृहस्थाने महाराष्ट्रास शिकविले. मग कचरा वेचणाऱ्या बाईची लोखंडी आकडी, जरीकाम करणाऱ्या कारागिराची लाकडी चौकट, तुर्भ्याच्या कोळ्याचे जाळे, मिठागरातील फावडे, यांनीच काय अपराध केला आहे? अडकित्ता जुना म्हणून पूज्य आणि आकडी अजून वापरात म्हणून त्याज्य, हा न्याय शंभर वर्षांनी आपल्या नातवंडांस नवल वाटावयास लावील.

आता दुसरा आक्षेप. तो अधिक गंभीर आहे, कारण तो करुणेचा वेष घेऊन येतो. ज्या एम-पूर्व विभागास २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालाने सर्व विभागांत तळाचे स्थान दिले, तेथे आधी नळ द्या, गटारे द्या, दवाखाने द्या; संग्रहालये मागाहून पाहू, असे म्हणतात. नळ, गटारे, दवाखाने दिलेच पाहिजेत, याविषयी आमचा वाद नाही. आमचा वाद त्या 'मागाहून' शब्दाशी आहे. हा शब्द दादर-पार्ल्याच्या नाट्यगृहांस कोणी लाविला नव्हता. तेथील रस्त्यांचे खड्डे बुजेपर्यंत नाटके थांबवा, असे कोणी सुचविल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ज्याचे पोट भरलेले आहे त्यास पोट आणि मन ही दोन्ही एकाच वेळी असतात, आणि ज्याचे भरलेले नाही त्यास केवळ पोटच असते, हा सिद्धान्त भुकेल्या माणसाने मांडलेला नाही. शिवाय पैशाची सबब या शहरास शोभत नाही. ज्या महानगरपालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता, तिच्या तिजोरीत एका संग्रहालयाच्या खर्चाने दवाखान्याची एक खाटही कमी व्हावयाची नाही. खाटा कमी असल्या तर त्याची कारणे निराळी आहेत, आणि ती शोधण्यास आम्ही आनंदाने साह्य करू.

तिसरा आक्षेप आमच्या वर्गाचा विशेष लाडका आहे. फुकट मिळालेल्या वस्तूची लोकांस किंमत नसते; निदान पाच-दहा रुपये तरी घ्यावेत, म्हणजे माणूस मन लावून पाहतो, असे सांगण्यात येते. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सर्व बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर संस्थानात तसाच हुकूम काढिला. फी नसल्याने तेथील मुलांस अक्षरांची किंमत कळली नाही काय? आणि आपणांपैकी कितीजण सरकारी खर्चाच्या महाविद्यालयांत, नाममात्र फी भरून, डॉक्टर आणि इंजिनिअर झाले, याचा हिशेब आपण कधी मांडिला आहे काय? ज्या शिडीने आपण वर चढलो तीवर आता तिकीट लावावे, हा विचार व्यवहाराचा असेल. न्यायाचा खास नव्हे.

फुकट हा शब्दच येथे फसवा आहे. भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय घ्या, किंवा किल्ल्यातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय घ्या. दोन्ही उत्तम आहेत, दोन्हींविषयी आम्हांस अभिमान आहे. पण गोवंडीच्या रोजंदारी करणाऱ्या कुटुंबास तेथे जावयाचे म्हणजे गाडीभाडे, मुलांचा खाऊ आणि मुख्य म्हणजे एका दिवसाचा रोज एवढे द्यावे लागते. तिकीट माफ केले तरी ही फी उरतेच. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने १८५७ नंतर दालनांत गॅसचे दिवे लावून ती रात्री खुली ठेविली, ती कामकऱ्यांस दिवसा सवड नसते म्हणूनच. जे शहाणपण पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या अधिकाऱ्यांस सुचले, ते विजेच्या लखलखाटातील मुंबईस अद्याप सुचू नये?

राहिली शेताची गोष्ट. संग्रहालयाशेजारी शेत ही कल्पना पाहून कित्येकांस वाटेल की, आम्ही ती परदेशातून उचलून आणिली. स्टॉकहोमला आर्तूर हाझेलियुस याने १८९१ साली स्कान्सेन हे उघड्यावरचे संग्रहालय काढिले, हे खरे. परंतु आपल्या राणीच्या बागेचा जन्म पाहा. १८६२ साली उघडलेली ती बाग कृषी व उद्यान मंडळीची होती, आणि तिच्याच आवारात १८७२ साली शहराचे पहिले संग्रहालय लोकांस खुले झाले. वस्तू आणि वनस्पती शेजारी नांदाव्यात हे मुंबईने आरंभीच मान्य केले होते.

गोवंडीच्या शेतात काय पिकवावे, हे या किनाऱ्यानेच ठरवून ठेविले आहे. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत बांध घालून भात काढणे, ही आगरी लोकांची पिढीजात विद्या. बांध फुटून भरतीचे पाणी आत शिरले की शेत वाया जाते; म्हणून खार सोसणारी काळा राता, भुरा राता यांसारखी वाणे कोकणच्या शेतकऱ्याने जतन केली. अशाच जमिनींकरिता खाडीपलीकडे पनवेल येथे खारभूमी संशोधन केंद्र काम करीत आले आहे. शेताच्या कडेला एक लहानसे मिठागर असावे. उधाणाचे पाणी आत घ्यावे, एका कुंडातून दुसऱ्यात सोडीत ते उन्हात आटवावे, आणि मिठाचा दाणा धरू लागला म्हणजे तो ओढून रास घालावी. ही क्रिया पाहिलेल्या मुलास क्षाराचा धडा निराळा शिकवावा लागणार नाही. कोल्हापूरनजीक कणेरी मठाने २००७ साली सिद्धगिरी ग्रामजीवन वस्तुसंग्रहालय उघडले. तेथे नांगरणारा, पेरणारा, मळणी करणारा शेतकरी सिमेंटच्या पुतळ्यांनी फार हुबेहूब दाखविला आहे. पण पुतळ्यास प्रश्न विचारता येत नाही आणि त्याच्या हातून चूकही होत नाही. गोवंडीत पुतळ्यांची गरजच नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून निघालेली माणसे या वस्त्यांत आहेत; उत्तर प्रदेश-बिहारातून आलेली आहेत. ज्वारीची कापणी, बैलाची खोड, विहिरीचा अंदाज, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेले आहे, आणि त्यांची नातवंडे भात झाडास लागतो की वेलीस, हे पुस्तकात शोधतात. आजी आणि नात यांच्यामध्ये जी विद्या तुटून पडली आहे, ती सांधण्यासाठी अर्धा एकर जमीनही पुरे होईल.

हे शेत कचऱ्यावर उभारावे असे मात्र कोणी समजू नये. आठ तपांच्या घाणीने नासलेल्या मातीत अन्न पिकविणे हा दुसरा अन्याय ठरेल. माती परीक्षून, निर्मळ जागा पाहूनच हे काम करावे लागेल. उकिरड्याच्या जागी फार तर झाडे लावावीत.

शेवटी दोन अटी सांगणे अगत्याचे आहे, कारण सत्कार्याचीही विटंबना होऊ शकते. पहिली अट अशी की, कार्यक्रम फुकट असावेत, कार्यकर्ते फुकट असू नयेत. भात लावणे शिकविणारी आजी, जाळे विणून दाखविणारा कोळी, जरीची नक्षी समजावून सांगणारा कारागीर, हे शिक्षक होत. त्यांस शिक्षकाप्रमाणे वेतन मिळावे. त्यांच्या हौसेवर संस्था चालविणे म्हणजे गरिबाकडून आणखी एक वेठ घेणे होय. दुसरी अट अशी की, हे संग्रहालय गोवंडीच्या लोकांकरिता असावे, गोवंडीचे लोक पाहण्याकरिता नसावे. धारावीत गल्लीगल्लीतून पाहुणे हिंडवून गरिबीचे दर्शन घडविण्याचा जो धंदा निघाला, त्याची पुनरावृत्ती येथे होऊ नये. पाट्या मराठी, हिंदी आणि उर्दू या तिन्ही भाषांत असाव्यात, दारे संध्याकाळी उघडी असावीत, आणि काय मांडावे हे ठरविणाऱ्या मंडळात निम्म्याहून अधिक रहिवासी असावेत.

हे लोकांस जमेल काय, असे विचारणाऱ्यांस २०२३ सालचे उदाहरण देतो. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन-वसाहतीत गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल भरले. वसाहतीतील मुलामुलींनीच छायाचित्रे, नाटक, रॅप, कंदिलांची मिरवणूक असे नाना प्रकार सिद्ध केले, आणि ज्या वस्तीचे नाव केवळ रोगराईच्या बातमीत येत असे, ते कलेच्या पानावर आले. तो उत्सव पाच दिवसांचा होता. उत्सव होतो आणि मांडव उतरतो. संस्था मात्र उरते. टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ पासून देवनारला नांदत आहे, लोकसंख्याशास्त्राची राष्ट्रीय संस्थाही तेथेच आहे. या देशात जेथे समाजाचा अभ्यास सर्वाधिक होतो अशा थोड्या ठिकाणांपैकी हे एक. पाहणी करणारे घरोघर जातात, प्रश्न विचारतात, उत्तरे लिहून नेतात. त्या उत्तरांतून जे ज्ञान जमले ते उत्तरे देणाऱ्यांस परत दिसेल, अशी एक तरी खोली गोवंडीत असावयास नको काय?

कचरा उपसला जाईल, जमीन सपाट होईल, त्यावर इमारती उठतील, आणि वीस वर्षांनी तेथे राहावयास आलेला गृहस्थ म्हणेल की, येथे पूर्वी काहीच नव्हते. त्यास खोटे ठरविणारा एकही कागद तोवर उरू नये, अशीच सारी व्यवस्था आज चालू आहे. ती मोडावयाची असेल तर पेट्यांतील फोटोपास वाळवीच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी मृत्यूच्या स्वाधीन होण्यापूर्वी कामास लागले पाहिजे. महानगरपालिकेने जागा द्यावी, विद्वानांनी श्रम द्यावेत, आणि आमच्या वाचकांनी निदान ते मंद हास्य आवरावे.